खड्ड्याचं पाणी

सुवा,
१९ ऑक्टोबर

प्रिय बारानिकोकाका,

आधी सगळ्यांना मौरी. मी इथे बरी आहे. तुम्ही, काकू आणि आई बरे असाल असं धरून चालते. हे पत्र रोटिया नर्स तुमच्या हातात देईल. तिचं शिक्षण संपलं, आता ती आपल्याच दवाखान्यात रुजू होतेय. आईच्याही हाती द्यायचं नाही असं मी तिला बजावलंय. फोन केला असता, पण तुम्ही फोन चटईवर मधोमध ठेवता आणि अर्धं गाव भोवती बसून ऐकतं. मागे मला जरा सर्दी झाली म्हणाले, तर रविवारी चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना झाली. तेव्हा चष्मा शोधा आणि हे एकट्यानं वाचा.

इथलं सगळं नेहमीसारखंच. वसतिगृहात कसावा आणि डब्यातला मासा, मग पुन्हा कसावा. डब्यातल्या त्या लगद्याला मासा म्हणतात हे तुम्हाला पटायचं नाही, म्हणून मी आईला सांगते की जेवण चांगलं असतं. माझी बोटं काळी पडलीत. प्रयोगात चांदीचं एक मीठ वापरतो, ते सांडलं की कातडीवर डाग पडतो आणि कितीही घासा, आठवडाभर जात नाही. चर्चमध्ये मी हात पाठीमागे घेऊन बसते. आपल्याकडच्या बायकांना वाटतं, मुलगी विद्यापीठात कोळसे पाडते की काय.

पर्यावरण रसायनशास्त्राचं हे शेवटचं वर्ष. तुम्ही मानेआबात, गावाच्या बैठकीत बसून सगळ्यांना सांगता की पुतणी पाण्याची डॉक्टर होतेय. मला ते रोटियाकडून कळलं. काका, असं सांगत जाऊ नका. आम्ही पाणी मोजतो. कशात काय मिसळलंय, किती मिसळलंय, ते सांगतो. बरं करता येतंच असं नाही.

परीक्षा नोव्हेंबरात आहे. आईला म्हणावं, पैसे पाठवू नकोस, माझं भागतं.

आता लिहायचं ते लिहिते. दोनदा लिहून फाडलंय, म्हणून हे तिसऱ्यांदा.

परवा आई बोलता बोलता म्हणाली की तुम्ही बाबाईच्या कंदांचा खड्डा आणखी हातभर खोल केलात. पानं पिवळी पडतायत, मुळांना गोडं पाणी मिळावं म्हणून. ते ऐकलं आणि मला जेवण गेलं नाही. कारण तुम्ही माझ्या उत्तराची वाट पाहून पाहून शेवटी कुदळ घेतलीत, आणि उत्तर माझ्याकडे मार्चपासून आहे.

खड्ड्याला रोग नाही, काका. पाणी खारट झालंय.

जानेवारीत मी जाताना खड्ड्यातल्या पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि तुमच्या माशांच्या पेटीत बर्फात ठेवून नेल्या, आठवतं ना. इथे आल्यावर थंड जागी ठेवल्या आणि मार्चमध्ये प्रयोगशाळा मिळाली तशा तपासायला घेतल्या. काचेच्या लांब नळीतून ते चांदीचं मीठ थेंब थेंब सोडायचं आणि खालचं पिवळं पाणी विटकरी होईपर्यंत थांबायचं. जितकं जास्त सोडावं लागेल तितकं पाणी खारं. मी सोडत राहिले. नळी संपली तरी पाणी पिवळंच. मला वाटलं, मीच काहीतरी घोळ घातला. बाटली बदलून पुन्हा केलं. मग नायकर मॅडमनी स्वतः करून पाहिलं. त्या एरवी मला खूप चिडवतात, त्या दिवशी फक्त म्हणाल्या, "अरितिता, हे तुझ्या घरचं पाणी आहे का?" मी हो म्हणाले. त्यांनी मला चहा करून दिला.

तुलनेसाठी मी आणखी एक बाटली नेली होती, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. काकूंच्या माहेरच्या खड्ड्यातली. त्यांची जमीन बेटाच्या मधोमध रुंद जागी आहे, समुद्र दोन्ही बाजूंनी लांब. त्यांचं पाणी चांगलं आहे. तुम्हाला हे आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. त्यांच्या कंदांना तुम्ही आयुष्यभर उंदराच्या शेपट्या म्हणत आलात.

खोल खणण्याचं सांगते. नारळाचं दूध आटवताना तेल वर येतं ना, तसं आपल्या बेटाखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. आपल्या बाजूला तो थर आधीच पातळ. त्यात गेल्या मोठ्या भरतीला लाटा रस्ता ओलांडून आल्या आणि नंतर पाऊसच पडला नाही. आता खोल गेलं की गोडं लागत नाही, खारंच वर येतं. मी मार्चमध्ये एवढं एक वाक्य कळवलं असतं तर तुमची पाठ तरी वाचली असती. का नाही कळवलं? कारण ते कळवलं की पुढचंही कळवावं लागणार होतं, आणि मला त्याची लाज वाटत होती.

तो दिवस तुम्हालाही आठवत असेल. तुमचा तूमा दारात जाळं विणत बसला होता. तुम्ही त्याला म्हणालात, "जा, बर्फ घेऊन ये." बर्फाची पेटी त्याच्या बाजूलाच होती, भरलेली. त्यानं पेटीकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, जाळं खाली ठेवलं आणि गेला. मग तुम्ही मला खड्ड्यात उतरवलंत आणि आपल्या घरची पानं सांगितलीत. कुठल्या झाडांची, कशी कुजवायची, कुठल्या आधी कुठली, कंदाभोवती टोपली कशी विणायची. आजोबांनी तुम्हाला सांगितलेलं, त्यांना त्यांच्या आईनं. एका पिढीत एकालाच. तुम्ही म्हणालात, "हे तूमाचं होतं. पण तुझी विद्या आणि ही पानं एकत्र आली की खड्डा उठेल."

मी मान डोलावली. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. विमानात बसून मी ती नावं मनातल्या मनात घोकत होते.

काका, ती पानं मला लागलीच नाहीत. खारेपणा मोजायला पाला कुठला हे माहीत असावं लागत नाही. पाणी आणि बाटली पुरतात. तूमाच्या हातचं काढून तुम्ही मला दिलंत आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मला ते तिथेच, खड्ड्याच्या काठावर सांगता आलं असतं. तेवढं शिकले होते मी. पण तुमचा चेहरा पाहिला, आणि ऐकून घ्यायचा मोहही होताच.

प्रबंधात मी पाल्याच्या रकान्यात नुसतं 'स्थानिक पाला' लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, नावं लिही. मी काय तुझ्या काकांचं गुपित चोरून निवृत्तीनंतर शेती करणार आहे?" मी नाही म्हणाले. त्यांनी गुण कापले, पण नंतर कॅन्टीनमध्ये माझी थाळी त्यांनीच भरली. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते ऑगस्टमधल्या गोष्टीचं.

ऑगस्टमध्ये तूमा इथे आला होता. त्याची बोट ट्यूना उतरवायला सुवाच्या धक्क्याला लागली. त्यानं मला बोलावून घेतलं, खरा मासा खाऊ घातला. दाढी वाढवलीय, बोटीवरच्या चिनी मुकादमाची नक्कल करून दाखवत होता, मी हसून हसून दमले. माझी काळी बोटं बघून म्हणाला, "ही विद्या धुतली तरी जात नाही वाटतं." मग हात पुसले आणि साधेपणानं विचारलं,

"बाबांनी तुला सांगितलं ना?"

मी हो म्हणाले.

"कुठली पानं?"

मी म्हणाले, "तूमा, मला सांगता येत नाही."

तो म्हणाला, "बरोबर आहे. मी उगाच विचारलं." आणि मला वाढायला आणखी मासा घेतला. खड्डा कसा आहे, हे त्यानं विचारलं नाही, आणि खड्डा संपलाय हे मी सांगितलं नाही. मी नियम पाळला, काका. आपल्या रीतीप्रमाणे अगदी बरोबर वागले. त्याला बोटीपर्यंत पोचवून परत येताना बसमध्ये मी रडले, एवढी की शेजारच्या बाईंनी मला पर्समधला टॉवेल दिला. त्याच्या जागी मी असते तर मासा तिथेच टाकून उठले असते. त्यानं माझ्या पानात वाढला.

आता ऐका. आई म्हणते, खड्ड्याच्या कडेचे कोंब अजून हिरवे आहेत. ते काढा. पाऊस येईल म्हणून थांबू नका, आला तरी हे खारेपण धुऊन निघायला वर्षं जातील. कोंब काकूंच्या माहेरी न्या. त्या खड्ड्यात तुमचा हक्क नाही, माझाही नाही. तूमाचा आहे, त्याच्या आईकडून. त्यालाच तिथे लावता येईल. त्याच्या मामांपुढे तुम्हाला कोंब घेऊन उभं राहावं लागेल, ते हसतील, शेपट्यांची आठवण काढतील. काढू द्या.

पण पानांशिवाय आपली बाबाई त्या मातीत भरणार नाही. हे मी रसायनशास्त्रातून सांगत नाहीये, तुमच्याकडूनच शिकलेय. आणि आपल्या घरात ज्याला दिलं त्यानं सोडल्याशिवाय ते दुसऱ्याला देता येत नाही.

आणखी एक. मी डिसेंबरात येत नाहीये. मॅडमनी पुढच्या शिक्षणासाठी माझं नाव दिलं होतं, ते मंजूर झालं. दोन वर्षं इथेच. नंतरचं मलाच ठाऊक नाही. आईला मी वेगळं सांगेन, तोवर तुम्ही बोलू नका. तुम्ही खोकता ते फोनवर ऐकू येतं. तुम्हाला काही झालं तर ती पानं सुवात, वसतिगृहात, एका मुलीच्या डोक्यात राहतील आणि तिच्याकडे हातभर जमीनही नसेल.

तूमा ख्रिसमसला घरी येतोय. तो स्वतःहून पुन्हा विचारणार नाही, त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच त्याला हाक मारा. खड्डा मेलेला असला तरी त्याला त्यात उतरवा आणि आजोबांनी तुम्हाला सांगितलं तसं पहिल्यापासून सांगा. काकूंना, आईला, मला, सगळ्यांना बर्फ आणायला पाठवलंत तरी चालेल.

मी सोडलं, काका. हे लिहून देतेय म्हणजे तुम्हाला शंका राहू नये. ते तूमाचं आहे.

तुमची,
अरितिता