वाळूची एकच गाडी

बाबा, मंगळवारी सकाळी माझ्यावर तुमच्यासारखी वेळ आली, म्हणून लिहायला बसले आहे. आज रविवार, दुपारची वेळ, आई बाहेर पडवीत तांदूळ निवडते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की समोरच्या नव्या बिल्डिंगमधल्या लोकांना या घरात पालिकेचा एक मुकादम राहत होता हेसुद्धा ठाऊक नाही. मी तुमच्याच खात्यात आहे, रस्त्यांच्या. इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा तुम्ही नव्हता. तुमच्या हाताखालचे एक काका तेव्हा होते, त्यांनी मला खुर्ची पुसून दिली आणि मग दाराबाहेर जाऊन उभे राहिले. रडत होते हे मला नंतर कुणीतरी सांगितलं.

मंगळवारी धुकं होतं. तुमच्या वेळी नदीवरून उठायचं तसंच, अंगणातला नळ दिसेना इतकं. लोकांना वाटतं आपल्याकडे पावसाळा संपला की रस्त्यांचं काम संपलं. तुम्ही म्हणायचात, पावसात गाड्या भिऊन चालतात, थंडीत कोणी भीत नाय. भरावाची माती वाहणारे डंपर रात्रभर जातात, चाकांची माती रस्त्यावर पडते, पहाटे तिच्यावर दव पडतं आणि त्याचं लोण्यासारखं काहीतरी होतं. त्यात एखाद्या ट्रेलरचं तेल गळालेलं असलं तर बघायलाच नको. दिवाळीनंतर आम्ही पांढरे पट्टे नव्याने मारून घेतो, वळणांवर चमकणारे दगड बसवतो, दिव्यांवर आलेल्या फांद्या छाटतो, धुकं असेल त्या दिवशी रस्त्यावरचे दिवे उशिरा बंद करतो. बांधकामांच्या गेटवर चाकं धुतल्याशिवाय डंपर बाहेर सोडू नका म्हणून नोटिसा देते मी. तरी माती पडतेच. मग शेवटी तुमचंच औषध: आधी लाकडाचा भुसा, तो झाडून काढायचा, वर वाळू.

त्या सकाळी खात्याच्या ग्रुपवर दोन फोटो एकदमच आले. शाळेजवळच्या पुलाच्या उतारावर चिखल, आणि मार्केटच्या मागच्या वळणावर तेल. वाळूची एक गाडी नवीन पनवेलच्या बाजूला आधीच कामाला लागली होती. माझ्या हातात एकच उरली. ड्रायव्हर फोनवर विचारत होता, "मॅडम, कुठे जाऊ? पटकन सांगा." शाळेच्या बस सुटायची वेळ. मी म्हणाले, पुलावर. वळणावर जवळचा एक माणूस लाल फडकं घेऊन उभा करायला सांगितला आणि स्वतः स्कूटर काढली. मी वळणावर पोचले तेव्हा फडकंवालाही धावत नुकताच पोचत होता. आणि रस्त्यावर एक मुलगी पडलेली होती. तिची स्कूटर कुठच्या कुठे घसरत गेली होती. ती ओरडत नव्हती, नुसती आपल्या पायाकडे बघत होती.

तिचं डोकं मांडीवर घेऊन मी तिला रिक्षातून हॉस्पिटलमध्ये नेलं. मांडीचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं, चालेल असं डॉक्टर म्हणतात, पण वेळ लागेल. तिचे वडील आले. बँकेत असतात, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. मी कोण ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिथे तेल आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.

"मग?"

मी पुलाचं सांगितलं, बसमधल्या मुलांचं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे ती सगळी कोणाची तरी मुलं. आणि माझी?"

बाबा, हे वाक्य मी ऐकलेलं आहे. आपल्या स्वयंपाकघराच्या दारात, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये उभी राहून ऐकलेलं आहे.

ताईची सायकल तुम्ही जुन्या बाजारातून आणलीत त्या दिवशी तिला बोलायलाच सुचेना, इतकी खूश होती. तुम्ही ओट्यावर बसून पट्ट्यांचा उरलेला पांढरा रंग तिच्या मागच्या मडगार्डला लावताय. ताई म्हणते, "बाबा, सगल्या पोरी हसतील मना." तुम्ही मान वर न करता म्हणता, "हसूं दे. धुक्यात दिसशील." दोन हात दिलेत रंगाचे. मी मध्येच बोट लावलं तर माझ्यावर ओरडलात, आणि मग त्याच ब्रशने माझ्या नखाला पांढरा ठिपका काढून दिलात.

ते वाक्य ऐकलं त्या सकाळी तुम्ही अंधार असतानाच गेला होतात. मोठ्या शाळेपुढच्या रस्त्यावर एका टँकरमधून काहीतरी सांडलं होतं. आपल्या गावाकडच्या फाट्यावर माती पडली आहे हेही तुम्हाला कळलं होतं. आधी शाळा, मग फाटा, असं तुम्ही माणसांना सांगितलंत. ते मला कितीतरी वर्षांनी त्या काकांनीच सांगितलं. फाट्यावर ताई घसरली. मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसली होती, बाबा. त्याने ब्रेक मारला. पण त्याचीही चाकं त्याच मातीवर होती.

तुम्हाला निरोप मिळाला तसे तुम्ही धावत सुटलात. गाडी उभी होती, ती घ्यायचं तुम्हाला सुचलं नाही. तुम्ही आलात तेव्हा तुमच्या हातात फावडं होतं. लोकांनी ते तुमच्या मुठीतून सोडवलं. ताईचा देह घरी आणला. बायका आईला धरून होत्या. मग ती उठली, तुमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "सगल्या गावाच्या पोरांसाठी वालू हाय तुमच्याकडं. माज्या पोरीसाठी मूठभर नाय उरली?"

 तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात, जणू ती अजून काही म्हणेल आणि ते ऐकून घ्यायचं बाकी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कामावर गेलात. लोक म्हणाले, दगड आहे हा माणूस. मी तुमच्या मागे मागे गेले होते, तुम्हाला माहीत नाही. फाट्यावर तुमची माणसं पाण्याची पिंपं घेऊन उभी होती. तुम्ही त्यांना हातानेच लांब व्हायला सांगितलंत. मग खाली बसून, हाताने, फडक्याने, तो तेवढा रस्ता तुम्ही एकट्याने धुतलात. कोणाला पाय ठेवू दिला नाहीत. वाळू टाकलीत ती फावड्याने नाही, ओंजळीने. आई शेतात भात पेरायची तशी.

त्यानंतर आई तुमच्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तांदळाची भाकरी आणि कालवण ताटात वाढून ती ताट तुमच्यापुढे सरकवायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. तुम्ही जेवून ताट धुऊन ठेवायचात. पुरुषाने ताट धुतलेलं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, ही तुमची शिक्षा तुम्हीच ठरवून घेतली आहे. रिटायर झाल्यावरसुद्धा थंडीत तुम्ही पहाटे फाट्यावर जाऊन उभे राहायचात. मी विचारलं होतं एकदा, कशाला जाता? तुम्ही म्हणालात, "बगून येताव." एका दुपारी ओट्यावर बसल्या बसल्याच गेलात. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली, तुमच्या खांद्याला हलवलं, आणि तुमच्या सदऱ्यावर तिच्या पाच बोटांचा पांढरा ठसा उमटला. तो सदरा तिने कोणाला धुऊ दिला नाही. कुठे ठेवलाय मला माहीत नाही.

मंगळवारी मी हॉस्पिटलमधून संध्याकाळी घरी आले. हातपाय न धुता तशीच स्वयंपाकघरात पाटावर बसले. आईने विचारलं, "काय झाला गो?" मी सगळं सांगितलं. पूल, वळण, मुलगी, तिचे वडील काय म्हणाले ते. हे शेवटचं मी मुद्दाम सांगितलं, तिच्या तोंडाकडे बघत. ती कांदा चिरत होती. विळीवरचा हात थांबला.

"गाडी कुठं पाठवलीस तू?"

"शाळेकडे."

तिने चिरलेला कांदा बाजूला सारला. मग म्हणाली, "बराबर केलास. तू दुसरा काय करनार होतीस? दोन ठिकानी येक मानूस कसा जाईल?" असं म्हणून तिने पुन्हा कांदा हातात घेतला. आणि मग तो खाली ठेवला. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. ती विळीवरून उठली नाही, तशीच वाकून हुंदके द्यायला लागली. ताईच्या वेळी, तुमच्या वेळी, तिला असं रडताना मी पाहिलेलं नाही. "येवढा येक बोल त्यांना नाय दिला मी," ती म्हणत होती. "रोज ताट वाढलं. येवढा येक बोल नाय दिला."

काल मी पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेले. मुलगी झोपली होती. तिच्या वडिलांनी मला बघितलं आणि खिडकीकडे तोंड वळवलं. मी फळं स्टुलावर ठेवली आणि उभी राहिले. काही ऐकून घ्यायचं बाकी असेल तर ऐकावं म्हणून. ते खिडकीबाहेरच बघत राहिले. त्यांच्या बायकोने मला बाहेरपर्यंत सोडलं. तिथून मी सरळ वळणावर गेले. वाळू अजून आहे. तेलाचा डाग मात्र खालून दिसतो.

हे कुठे पाठवणार आहे मी. आई दोनदा डोकावून गेली. "काय लिवतेस येवढा?" मी म्हणाले, ऑफिसचं काम. तिला सांगितलं असतं तर तिने बहुतेक मला शेवटी दोन ओळी लिहायला लावल्या असत्या, तिच्या नावाने. म्हणूनच सांगितलं नाही. मंगळवारी ती विळीवर रडत होती ना, बाबा, तेव्हा मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. हातभर अंतरावर होती. मी घेतलं नाही. तुमच्या वाट्याचं ते 'बराबर केलास' तिने इतक्या सहज माझ्यापुढे वाढलं होतं, आणि मला तिचा राग आला होता. आज रविवार. अजून गेलेला नाही.