शनिवार-रविवार वीज मोफत

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेणाऱ्याने नोंदी ठेवाव्यात. हाती घेतलेलं काम: घराची वीज कंपनी बदलणे.

हल्ली कुठल्याही कंपनीकडून वीज घेता येते. तारा त्याच, खांब तेच, फक्त बिल पाठवणारा बदलतो. सासूबाईंना हे समजावलं. त्यांनी विचारलं की वीज तीच असेल तर मग बदलायचं काय. त्यांच्या वयाला हा विषय झेपणारा नाही.

निमित्त हिच्या ओव्हनचं. दातांच्या डॉक्टरकडची रिसेप्शनची नोकरी सोडून ही घरी केक करायला लागली. कोपऱ्यावरच्या कॅफेची रोजची ऑर्डर आहे. केक उत्तम, पण ओव्हन वीज खातो. आज सकाळी हिने हिशेब मांडला आणि म्हणाली की एप्रिलअखेर बिल खाली आलं नाही तर केक बंद, पुन्हा डॉक्टरकडे. तिची खुर्ची त्यांनी अजून भरलेली नाही. (रिसेप्शनची. दुसऱ्या खुर्चीत कोणी आपणहून बसत नाही.)

ही स्वतःच कंपन्यांना फोन लावणार होती. मी थांबवलं. म्हटलं, बाजारात उतरायला अभ्यास लागतो, माझ्यावर सोड. हिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. विश्वास असणार.

७ मार्च
अभ्यास पूर्ण. मी शिकवतो त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रिंटरवर सगळ्या योजना छापून घेतल्या. मालकांनी कागदावरून कुरकुर केली. या माणसाला दूरदृष्टी नाही. गाडी शिकवणाऱ्याला असावी लागते, शिकवणाऱ्याच्या मालकाला नसली तरी चालतं.

एक योजना पहाटे स्वस्त दराची. ही म्हणाली की मी केक पहाटेच करते, हीच घेऊ. तिला शांतपणे सांगितलं की स्वस्त वेगळं आणि मोफत वेगळं. दुसरी योजना: शनिवार-रविवार वीज मोफत! बाकीचे दिवस दर चढा आहे, पण बाकीचे दिवस वीज वापरायचीच कशाला? ही म्हणाली की कॅफे बुधवारीही उघडा असतो. म्हटलं, केक टिकतो. ही आत निघून गेली. मौन म्हणजे संमती.

११ मार्च
नव्या कंपनीला फोन लावला, पण गाडीत. शिकाऊ बाई स्टीअरिंगवर. कंपनीने होल्डवर ठेवलं म्हणून बाईंना म्हटलं, तोवर या चौकालाच फेऱ्या मारा. बाई फार आज्ञाधारक. होल्ड संपला तेव्हा भोवतीचे दुकानदार बाहेर येऊन बघत होते आणि बाईंना चक्कर आली होती. एकच वळण इतकं पक्कं याआधी कोणाचंच झालं नव्हतं.

कंपनीला मीटर नंबर हवा. तो बिलावर असतो. बिल ईमेलवर येतं. ईमेलचा पासवर्ड मीच ठेवलाय, आणि तो इतका मजबूत आहे की मलाही फोडता येत नाही.

१२ मार्च
कागदावर विसंबणारा माणूस मी नव्हे. प्रत्यक्ष प्रयोग केला.

सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर तळमजल्याच्या कपाटात ओळीने आहेत. कुठला कोणाचा हे वर लिहिलेलं असायचं, पण रंगाऱ्याने त्यावरूनही ब्रश फिरवला. मी कपाटापुढे उभा राहिलो आणि जिन्यातून हिला ओरडून सांगितलं की घरातलं सगळं बंद कर, मेन स्विचसुद्धा. वरून लगेच हो आलं. पाहतो तर सगळ्या मीटरचे दिवे लुकलुकतायत आणि एकच मीटर ठार गप्प. नंबर टिपून घेतला.

शास्त्रज्ञ व्हायचो, राहून गेलं. हिनेही प्रथमच मी सांगितलेलं चटकन ऐकलं, याचं कौतुक वाटलं.

१३ मार्च
काम फत्ते! कंपनीच्या मुलीने मधेच एक खुसपट काढलं, की या मीटरवर नाव दुसरंच दिसतंय. म्हटलं, हा जुन्या कंपनीचा गलथानपणा, म्हणून तर सोडतोय. मग तिने विचारलं की घरातले निर्णय आपणच घेता ना. मी घेतो म्हणालो. मागे ही आणि कन्या उगाचच हसल्या.

योजना पुढच्या शुक्रवारपासून लागू. शिवाय भेट म्हणून विजेची किटली घरपोच येणार.

२२ मार्च, शनिवार
पहिला मोफत दिवस. सकाळी सगळ्या खोल्यांतले पंखे मी स्वतः लावले, रिकाम्या खोल्यांतलेही. उद्घाटन म्हटलं की हात आखडता घेऊ नये.

वॉशिंग मशीन दिवसभर चालू. चादरी धुतल्या, पडदे धुतले, धुतलेले पडदे पुन्हा धुतले. मोज्यांना इस्त्री केली. सासूबाईंना शेकायची पिशवी दिली. त्या म्हणाल्या की त्यांचं काहीच दुखत नाही. म्हटलं, दुखेल तेव्हा आठवडाभर बंद असणार, आत्ताच शेकून घ्या.

ही आठवड्याचे सगळे केक आज आणि उद्या मिळून करणार. ओव्हन थांबला नाही. घराची भट्टी झाली. ही घामाघूम, चेहरा लालबुंद, बोलणं कमी. इतकी कामात रंगलेली तिला कधी पाहिली नव्हती.

२६ मार्च, बुधवार
कामाच्या दिवसांची शिस्त: घरात एकच दिवा. सगळे त्याच्याभोवती. कुटुंब जवळ आलं. म्हणजे जे घरी होते ते. कन्या अभ्यासाला मैत्रिणीकडे. सासूबाई समोरच्या शिक्षिकेकडे टीव्ही बघायला गेल्या आणि जेवूनच आल्या. उद्याही तिकडेच जेवणार म्हणाल्या.

कॅफेवाल्याचा फोन आला की केक कोरडा लागतोय, गिऱ्हाईक तक्रार करतंय. असंच चाललं तर ऑर्डरचा विचार करावा लागेल. मी सुचवलं की बुधवारपासून तोच माल टोस्ट म्हणून विकावा. हिने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

५ एप्रिल
किटली नाही! कंपनीला विचारलं. त्यांचं म्हणणं, किटली दाराशी ठेवून गेलो. माझा संशय लगेच तळमजल्यावरच्या वकिलावर. त्याच्या घरून येता-जाता चहाचा वास येतो.

संध्याकाळी गच्चीवर जाताना वरच्या मजल्यावर कप्तानांच्या दारात किटलीचं खोकं दिसलं, नव्या कंपनीचंच. कप्तान म्हणजे जहाजावरचे, निवृत्त. एकटेच राहतात. फेब्रुवारीपासून सगळं बंद करून बहिणीकडे गेलेत. जाण्याआधी जिन्यात त्यांना वीजबाजारावर थोडं सांगितलं होतं. तेव्हा ते घाईत होते, पण ऐकलेलं दिसतंय. माझ्या पावलावर पाऊल टाकून त्यांनीही कंपनी बदलली आणि त्यांना किटली मिळालीसुद्धा. जग शिकतं, फक्त घरचे शिकत नाहीत.

१४ एप्रिल
कप्तान परतले. संध्याकाळी किटली बगलेत मारून आमच्याकडे आले. हातात पत्र: आमच्या परिवारात आपले स्वागत. त्यांना काही उमजेना. मी त्यांचं योग्य निर्णयाबद्दल अभिनंदन केलं. ते म्हणाले की निर्णयबिर्णय काही घेतलेला नाही, मी तर बहिणीकडे मासे पकडत होतो. म्हटलं, एवढा विनय बरा नव्हे.

ही माझ्याकडे बघायला लागली. मला अचानक खोकला आला.

१५ एप्रिल
ईमेलवरचं बिल कोणी उघडत नाही म्हणून जुन्या कंपनीने या वेळी कागदी बिल पाठवलं. तिच्याशी आपला काय संबंध, असं म्हणून मी ते परत पाठवणार होतो. हिने फोडलं. या घराचं आजवरचं सगळ्यात मोठं बिल. फुकट म्हणून शनिवार-रविवारी वापरलेली वीज आकडा न् आकडा त्यात आहे.

ही सरळ खाली मीटरच्या कपाटाशी गेली. मी मागोमाग. तिने कपाट उघडलं आणि विचारलं की कुठला मीटर. मी दाखवला. काल-परवापर्यंत गप्प असलेला तो मीटर आता मजेत लुकलुकत होता. वर कप्तानांचा रेडिओ चालू होता.

म्हटलं, अगं, पण त्या दिवशी तू मेन स्विच बंद केलास ना? ही म्हणाली की केक ओव्हनमध्ये होता, फुगत आलेला. तुम्ही ओरडायचं थांबावं म्हणून हो म्हटलं.

म्हणजे माझा प्रयोग चोख होता! हे मी तिथेच तिच्या लक्षात आणून दिलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली की उद्या डॉक्टरांना फोन करते. कॅफेवाला तसाही कंटाळलाय. मग हातावरचं पीठ झटकत बसली. पीठ नव्हतंच हातावर.

मला फार वाईट वाटलं. तिचे केक खरंच चांगले असतात. सोमवारचे.

१६ एप्रिल
निश्चय: कप्तानांना सगळं खरं सांगायचं, योजना आपल्या मीटरवर आणायची, हिच्यापुढे मान ताठ ठेवून उभं राहायचं. हिच्याकडून एक दिवस मागून घेतला.

सकाळी वर गेलो. वाटीभर साखर मागितली आणि आलो. दुपारी गेलो, बहिणीची तब्येत विचारली. संध्याकाळी साखर परत करायला गेलो. कप्तान म्हणाले की काही सांगायचंय का. म्हटलं, छे, सहजच. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आजचा दिवस गेला. उद्या नक्की. सुरुवात कशी करायची हे आता जवळजवळ ठरलं आहे.

१७ एप्रिल
मी वाक्यं जुळवत होतो, तेवढ्यात ही केक घेऊन वर गेली. आता कप्तान योजना रद्द करणार, वर पोलिसांत जाणार, म्हणून मी बॅगेत दोन शर्ट भरून ठेवले. वरून हसण्याचे आवाज यायला लागले. मग सासूबाई वर गेल्या. मग कन्या. मी दारात उभा राहून ऐकत होतो. बहुतेक ही प्रयोगाची हकिगत सांगत होती. माझ्या ओरडण्याची नक्कल कन्या करत होती. हुबेहूब होती, पण त्यात हसण्यासारखं काय?

तासाभराने ही खाली आली. कप्तानांना योजना पसंत आहे. आठवडाभर ते क्लबात पोहायला नाहीतर तळ्यावर गळ टाकून, रात्री नऊला झोप. घरी असतात ते शनिवार-रविवारीच. शनिवारी-रविवारी कॅफेत गर्दी असते, त्या दोन दिवसांचे केक आपल्या स्वयंपाकघरात करा म्हणाले, घर जरा जागं होईल. मोबदला म्हणून एक केक, आणि त्यात साखर किती यावर कोणी बोलायचं नाही.

म्हणजे माझ्या निवडीचं चीज झालं. हे मी म्हणालोही. हिने केकची रिकामी ताटली माझ्या हातात दिली.

१८ एप्रिल
हिने सकाळी फोन उचलला आणि आमच्या मीटरला पहाटे स्वस्त दराची योजना लावून टाकली. माझा चहा संपायच्या आत. मीटर नंबर कुठून आणला विचारलं. म्हणाली की जुन्या कागदी बिलांवर असतो, ती पिठाच्या डब्याखाली असतात. मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली की तुम्ही अभ्यासात होता.

घाईघाईत घेतलेले निर्णय टिकत नाहीत. बघू.

२६ एप्रिल, शनिवार
शनिवार-रविवारपुरता ओव्हन वर नेला. मी, कप्तान आणि वकील. (वकील सज्जन आहे, मी आधीपासून म्हणत होतो.) मी पुढून उचलून दिशा देत होतो. वळणावर वकिलाचा अंगठा चिमटला, पण तो त्यांच्या बाजूचा प्रश्न.

कॅफेवाल्याने स्वतः येऊन ताजा केक खाल्ला आणि ऑर्डर वाढवली. ही एवढी हसली की तिला डॉक्टरांचा फोन आलेला ऐकू गेला नाही. मी घेतला. सांगितलं की खुर्ची भरून टाका. घरातले निर्णय मीच घेतो.

३ मे, शनिवार, संध्याकाळ
वर पंखे, दिवे, रेडिओ, सगळं जोरात. कप्तान क्रीम फेटतायत, सासूबाई त्यांना चुका दाखवतायत, कन्या खोक्यांवर रिबिनी बांधतेय. मी खाली. आमच्याकडे सध्या महाग तास चालू आहेत, म्हणून खिडकीच्या उजेडात हे लिहितोय. कोणीतरी शिस्त पाळायला हवी.

आत्ता कन्या निरोप घेऊन आली होती. आई म्हणते, बाबांनी वर यावं, ट्रे खाली पोचवायचेत, कॅफेची गाडी आली आहे. फक्त एक अट. कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही.

अट अपमानास्पद आहे. पण वरून व्हॅनिलाचा वास येत होता. गेलो.

हिने भरलेला ट्रे माझ्या हातात दिला. माझ्याकडे पाहून हसली, कपाळाला लागलेलं पीठ पुसलं आणि सावकाश जा म्हणाली. फार दिवसांनी असं म्हणाली. जिन्यात अंधार झाला होता. मी कोपराने जिन्याचा दिवा लावला. वरून ताबडतोब हिचा, सासूबाईंचा, कन्येचा आणि कप्तानांचा आवाज एकदमच आला: तोसुद्धा नाही!

बंद केला. खांदा भिंतीला घासत, पायाने पायरी चाचपत, अंधारात खाली आलो. एकही केक हलला नाही. घरात याची नोंद कोणी घेणार नाही, म्हणून इथे घेतो.