चंद्रोदय सात वाजून दोन मिनिटांनी

दोहा,
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. मिहीर यास श्रीपतीकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझी आई बरी आहे, उजवा गुडघा सोडून. मृणालिनीला आणि छोट्याला आशीर्वाद सांग. हाताने लिहून पानांचे फोटो पाठवतोय, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं मुद्द्याचं राहून जातं.

परवा शुक्रवारी आम्ही वाळवंटात जाऊन आलो. त्याचा खरा खर्च आधी सांगतो. माणशी अडीचशे रियाल, हा छापील भाव. त्याशिवाय तुझ्या पूर्णिमाकाकूचा गॉगल, तो अजून वाळूत आहे. माझं दुपारचं जेवण, तेही तिथंच आहे. वहिनीच्या उपासाला वाढीव एक तास तेवीस मिनिटं. आणि मी तुला दिलेला शब्द. तो कसा गेला ते क्रमानं सांगतो. शेवटच्या पानाचा फोटो आधी उघडू नकोस.

ऑक्टोबरात तू फोन केलास. मार्चपासून तीन वर्षं जर्मनी, आईला नाशिकला एकटं कसं ठेवायचं, तिला इथं माझ्याकडे राहायला पटवायचं. "काका, तुम्हीच सांगा. तुमचं ती ऐकते." मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल, मला तर शब्दन् शब्द आठवतो. म्हणालो, कागदपत्रं माझ्यावर सोड, वहिनीही माझ्यावर सोड. फिरायला म्हणून महिनाभर बोलाव, महिन्यात तिला इथं रुजवतो. माझ्या घरात कुणाच्या मनात काय चाललंय ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं, म्हणालो.

कानाचं खोटं नाही. लुसैलच्या टॉवरमध्ये लिफ्टचं दार उघडायच्या आत मी पोरांना सांगतो की एसीच्या तीन नंबरच्या कॉम्प्रेसरचं बेअरिंग जातंय. लोकांना वाटतं मी हे कतारला येऊन शिकलो. मी हे तुझ्या आईच्या शिलाई मशीनपाशी शिकलो. दादाने मला तेराव्या वर्षी नाशिकला आणलं, तेव्हा तू पाळण्यातही नव्हतास. पुढच्या खोलीत वहिनी रात्री साड्यांना फॉल लावायची आणि मी मशीनशेजारी गोधडीवर. आवाज बदलला की झोपेतच म्हणायचो, "वहिनी, तेल घाल." ती घालायची. त्या फॉल-पिकोवर माझं आयटीआय झालं.

असो. सफारीकडे येतो.

धंद्यात माझा एक नियम आहे. अवघड गोष्ट समोरच्याचं जेवण झाल्यावर काढायची. मोठमोठी कॉन्ट्रॅक्टं मी बिर्याणीनंतर मिळवलीत. म्हणून ठरवलं की वहिनीला वाळवंट दाखवायचं, छान जेवू घालायचं आणि मग हळूच विषय काढायचा. सुट्टी फक्त शुक्रवारी, आणि शुक्रवारी निघाली संकष्टी. म्हटलं, उलट उत्तम. चंद्र दिसला की उपास सुटणार, समोर समुद्र, मोदक, वरणभात, माणूस प्रसन्न. कॅलेंडरात चंद्रोदय नऊ बत्तीस होता. भारत आपल्या अडीच तास पुढे. वजा केले, सात वाजून दोन मिनिटं. कॅम्पचं जेवण साडेसहा ते साडेसात. घड्याळाच्या काट्यावर बसवलं सगळं. घरात सांगितलं, चंद्र आणि ताट एकदम समोर येईल, तुम्ही फक्त गाडीत बसा.

दीड वाजता गाडी आली. ड्रायव्हर फजल, चाळिशीचा, आमच्याशी हिंदीत बोलत होता. वाळू सुरू होते तिथं त्याने टायरमधली हवा सोडली आणि फोनवर बायकोला हळूच विचारलं, "जेवलंस काय?" मी म्हणालो, "दापोली की खेड?" तो उडालाच. "दापोली! तुमाला कसा कळला?" तिथून पुढे गाडीत मराठीच.

निघायच्या आधी त्याला नियमाप्रमाणे विचारावं लागतं. "मावशी, हार्टचा प्रॉब्लेम? पाठीचा? प्रेग्नन्सी?"

वहिनी म्हणाली, "पहिल्या दोनांचं विचारू नकोस. तिसऱ्याची खात्री देते."

फजल इतका हसला की त्याने हातातला एअर गेज पाडला.

मिहीर, वाळूच्या डोंगरावरून गाडी तिरकी खाली येते तेव्हा काय होतं ते मी लिहू शकत नाही. सव्वीस वर्षं कतारमध्ये काढली, वाळूत मी कधी गेलो नव्हतो. कामावरून घर, घरावरून काम. पूर्णिमा डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणत होती. चैत्राली व्हिडिओ काढत होती. आणि तुझी सहासष्ट वर्षांची आई, उपाशीपोटी, पुढच्या सीटवर वरचं हँडल धरून फजलला म्हणत होती, "एवढंच का रे? तो मोठा राहिला की!"

"घट धरा हां मावशी. यल्ला, चला!"

तिसऱ्या उतारावर मी गाडी थांबवायला लावली. पुढचं सांगत नाही. चैत्राली मागून "बाबा, आर यू ओके?" करत होती. वहिनी खाली उतरली, कमरेच्या पिशवीतून आलेपाकाची वडी काढली आणि माझ्या तोंडात घातली. पंचवीस माणसांच्या मालकाच्या. मी शाळेत असताना एसटीत घालायची तशी.

सूर्य मावळताना आम्ही खाडीवर होतो. समुद्र वाळवंटात आत शिरून बसलाय, पलीकडचा किनारा सौदीचा. तुझी आई चप्पल काढून पाण्याच्या कडेला बराच वेळ उभी होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "इथं कुणी राहत नाही का रे?" म्हटलं, नाही. "बरं," म्हणाली.

साडेसहाला कॅम्पवर पोचलो. गालिचे, लोड, मागे निखाऱ्यावर कबाब. वहिनीने खजूर आणि कावा, म्हणजे इथली अरबी कॉफी, घेतला, नाकाला पदर लावून बसली. पूर्णिमाने घरून आणलेले डबे मांडले, बाल्कनीतल्या कुंडीतल्या एकवीस दुर्वा काढल्या, तांब्यात पाणी भरलं. सात वाजले. सात दोन झाले. मी पूर्वेला तोंड करून उभा होतो, जणू साइटवर क्रेन यायची आहे.

सात दहा. सात वीस. एकेक गाडी निघायला लागली.

"ढग असेल," मी म्हणालो.

"चांदण्या दिसतायत की," वहिनी म्हणाली.

फजल डोकं खाजवत आला. "साहेब, टाइम कंचा धरलाव?" मी गणित सांगितलं. तो म्हणाला, "ता घड्याळाचा झाला. चांद घड्याळ बघून येत नाय. मुंबईवरून हितं यायला त्याला वेळ लागतो. आमी रमजानचा चांद बघतो ना, आमाला माहीत."

मी पूर्णिमाकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "कॅलेंडरातून एकच तास कमी करायचा. साडेआठला येईल."

"तुला माहीत होतं?"

"एकोणीस वर्षं दर महिन्याला इथंच सोडते की उपास. तुम्ही विचारलंत कुठं? साडेआठपर्यंत कॅम्प चालतो असं धरून बसले मी."

एकोणीस वर्षं. दर महिन्याला ही बाई बाल्कनीत पाणी सोडून जेवते, आणि मी घरी येतो तोवर ताट घासून झालेलं असतं. मला वाटायचं, हिचं जेवण लवकर होतं.

कॅम्पचा मॅनेजर दिवे मालवायच्या तयारीत होता. फजल त्याच्याशी अरबीत भांडला आणि आम्हाला येऊन म्हणाला, "मावशीचा उपास सुटल्याशिवाय गाडी हलणार नाय. खलास." पूर्णिमा आणि चैत्राली गाडीत शाल आणायला गेल्या. गालिच्यावर मी आणि तुझी आई. समोर झाकलेले डबे.

इथं मी माझा नियम मोडला. गप्प बसवेना म्हणून उपाशी माणसापुढे विषय काढला. जर्मनी, तीन वर्षं, मिहीरची काळजी, नाशिकचा फ्लॅट भाड्याने देऊ, इथं तुला वेगळी खोली, एसी, दवाखाना पाच मिनिटांवर. चांगलं बोललो. बोलता बोलता मलाच ऐकू आलं की हे कोटेशन आहे.

तुला ठाऊक आहे, ती रागावली की मला 'भावजी' म्हणते आणि 'तुम्ही' करते.

"भावजी," ती म्हणाली, "हे मिहीरने तुम्हाला सांगायला सांगितलं का?"

मी हो म्हणालो.

"माझ्याशी बोलायला माझा मुलगा मध्ये माणूस घालतो. कधीपासून?"

हे वाक्य मी तुला पोचवतोय. त्यात माझं काही नाही.

मग म्हणाली, "तुमच्या घरात मला काही कमी नाही. पूर्णिमा मला कपबशी उचलू देत नाही. गुणाची आहे. पण महिना झाला, मी एक कपबशी उचललेली नाही. तिकडे बायका साडी ठेवून जातात. म्हणतात, काकू, गुरुवारी लागेल हं. कधी बुधवारीच हजर होतात, भांडतात. लग्नसराई आहे आता. इथं गुरुवारी माझ्याकडून कुणाला काय लागतं?"

मी म्हणालो, "वहिनी, पडलीबिडलीस तर?"

"तर पडेन. वरच्या तसनीमकडे किल्ली आहे माझ्या घराची. तिला हाक ऐकू जाते. तुमच्या अठराव्या मजल्यावरून कुणाला जाईल?"

आणि मग, मिहीर, जे मी तुलाही कधी बोललो नाही ते तोंडातून गेलं. दादा गेला तेव्हा प्लँट बंद ठेवून करायचं शटडाउनचं काम होतं. मी दोन दिवसांसाठी आलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दहावं-तेरावं तू एकट्याने केलंस. सगळ्यांना सांगितलं, सुट्टी मिळाली नाही. सुट्टी कुणी द्यायची? कंपनी माझीच होती. मला त्या घरात थांबवत नव्हतं. मशीनवर कापड टाकलेलं होतं, आणि आवाज नव्हता. म्हणून पळालो. तू फोन केलास तेव्हा मी एका दमात हो म्हटलं ते तुझ्यासाठी नव्हतं, खरं तर तिच्यासाठीही नव्हतं. हे सगळं मी अंधारात, वाळूकडे बघत सांगितलं.

तिने डब्यांवरची वाळू झटकली. मग म्हणाली, "माहीत आहे मला. तुझं मन मोकळं व्हावं म्हणूनच आले महिनाभर. नाहीतर लग्नसराईत कोण निघतं घरातून?"

तुझं, म्हणाली. तेव्हा मला बरं वाटलं.

आठ पंचविसाला चंद्र आला. मोठा, तांबूस, एका बाजूने झिजलेला. चैत्राली ओरडली, "काकू, आला!" मराठीत. वहिनीने पाणी सोडलं, दुर्वा वाहिल्या, पहिला मोदक फजलला दिला. मग आम्ही गार वरणभात खाल्ला. इतकं जेवलो मी की सगळे माझ्याकडे बघत होते.

तर मिहीर, मी आता मध्यस्थ नाही. हे वाचून झालं की आईला फोन कर, मला नको. जर्मनीचं तू सांग. ती ओरडेल, ओरडून घे. मग विचार, आई तुला काय पाहिजे. मला वाटतं ती फार काही मागणार नाही. जिन्याला दुसरा कठडा, आणि दर रविवारी फोन, इतपत. तसनीमचा नंबर तुझ्याकडे नसेल तर वहिनीकडून घे. माझ्याकडेही नव्हता. मार्चनंतर दर तीन महिन्यांनी मी नाशिकला आठवडाभर येऊन राहीन. हा शब्द देत नाही, येऊन दाखवतो.

काल सकाळी चहा घेताना मी तिला म्हणालो, "वहिनी, तुझं परतीचं बघतो आज, विंडो सीट सांगतो." तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. चैत्रालीने फोन पुढे केला. गुरुवार तेवीस जानेवारी, सकाळचं विमान, मुंबई. तिकीट एक तारखेलाच काढलेलं होतं, पलीकडच्या खोलीत बसून.

तुझा काका,
श्रीपती