चार कॅप्स, एक लायसन

२ मार्च, रविवार. सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. कारण घरात माझ्या बोलण्याची नोंद कुणीच ठेवत नाही.

मुख्य मुद्दा. कन्येची ड्रायव्हिंग टेस्ट २४ तारखेला. कन्या फिजिओथेरपिस्ट. एक एप्रिलपासून घरोघरी गाडीने जाऊन पेशंटचे आखडलेले गुडघे वाकवायची नोकरी लागली आहे. अट एकच, लायसन. २४ हुकली तर पुढची तारीख थेट मेमध्ये, आणि नोकरी मेपर्यंत थांबणार नाही. म्हणजे पोरीचं भवितव्य माझ्या हातात आहे. मी शांत आहे.

हिचं म्हणणं, ड्रायव्हिंग स्कूल लावू. मी म्हटलं, घरात पंचवीस वर्षांचा अनुभव बसलेला असताना बाहेर कशाला? यावर मायलेकी एकमेकींकडे बघून गप्प राहिल्या. संमती समजलो.

८.४०
खाली जाऊन गाडी पाहिली. चाकांच्या मधल्या कॅप्सची पार रया गेली आहे. एकीचा रंग उडालेला, दुसरीला तडा, तिसरी अर्धी, चौथी नाहीच. तिच्या जागी गंज आणि एक कोळी. अशी गाडी घेऊन टेस्टला गेलो तर परीक्षक कन्येकडे न बघताच नापास करील. माणूस आधी चाकं बघतो.

संकल्प: आठवड्याच्या आत नव्या कॅप्स. मग शिकवणी. असल्या चाकांवर शिकली तर हात कायमचा बिघडेल.

४ मार्च
गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने कॅप्सकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टायरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, साहेब, पुढचा डावा गुळगुळीत झालाय, आधी तो बदला. कॅपने गाडी चालत नाही. मी म्हटलं, प्रश्न इम्प्रेशनचा आहे. तो म्हणाला, वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

टायर टेस्टनंतर बघू. एका वेळी एक काम.

६ मार्च
ड्रायव्हरची सीट पुढे सरकलेली. काल मागे घेतली होती. आज पुन्हा पुढे. स्प्रिंग सैल झाली असणार.

९ मार्च, रविवार
ॲक्सेसरीजच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, जुनी एक काढून आणा, मागच्या क्लिपांचं माप लागतं. मी नकार दिला. तीनपैकी एक काढली की उरणार दोन. सोसायटीत लोक काय म्हणतील? घरी येऊन हिच्या शिवणकामाच्या टेपने मापं घेतली. कोळ्यामुळे एक माप अंदाजे. नेटवर ऑर्डर केली. चकचकीत, चंदेरी. शुक्रवारी येणार.

कन्येने विचारलं, बाबा, गाडी कधी शिकवणार? मी तिला शेजारच्या सीटवर बसवून उभ्या गाडीत चाळीस मिनिटं क्लच समजावून सांगितला. उभ्या गाडीतच खरं ड्रायव्हिंग कळतं. ती फार लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी शेवटी डोळे मिटून.

११ मार्च
सीट पुन्हा पुढे. आरसाही खाली झुकलेला. गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, स्प्रिंग ठणठणीत आहे, कुणीतरी सीट ओढतंय. मेकॅनिक लोकांना निदान जमत नाही, हे माझं जुनं मत.

१४ मार्च
कॅप्स आल्या. थोड्या मोठ्या आहेत. थोड्या म्हणजे मधलं भोक झाकून पुन्हा भोवतालचे चारही नट झाकतात. प्रथम वाईट वाटलं. मग ध्यानात आलं, ते नट तरी कुठे बघण्यासारखे होते? गंजलेले. तेही झाकले गेले. एका दगडात दोन पक्षी.

क्लिपा मात्र कुठेच अडकत नाहीत.

१५ मार्च
क्लिपा गरम पाण्यात बुडवल्या. मऊ झाल्या. जरा जास्तच. लाटण्याने ठोकल्या. दोन तुटल्या. एक लाटणंही. हिने विचारलं, लाटणं कुठाय? मी म्हटलं, हल्ली घरात वस्तू जागेवर सापडत नाहीत.

१६ मार्च, रविवार
उपाय सापडला. दोन ट्यूबांमधलं कालवून लावायचं सोल्यूशन. पाकिटावर लिहिलंय, लोखंडाला लोखंड, आयुष्यभर. क्लिपा उडवल्या, कडेने गोल सोल्यूशन लावलं, दाबून धरलं. प्रत्येक चाकाला वीस मिनिटं. चारी चाकं. गुडघे आखडले. कन्येने घरीच वाकवून दिले. हात चांगला आहे तिचा.

लांबून पाहिलं तर गाडी शोरूममधून आल्यासारखी. जवळून पाहायचं कारण नाही.

१८ मार्च
गॅरेजवाला रस्त्यात भेटला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, नाकापेक्षा मोती जड. मग वाकला, कॅप नखाने ओढून पाहिली आणि विचारलं, चाक कसं खोलणार? मी म्हटलं, खोलायचंच कशाला? चाक बसवून ठेवण्यासाठी असतं. त्याने चाकाला हात जोडले आणि निघाला.

२२ मार्च
आता प्रत्यक्ष शिकवणी. कन्येला बाहेर नेणार होतो, पण सोल्यूशन पुरतं मुरलंय की नाही याची खात्री नाही. म्हणून पुन्हा उभ्या गाडीत. विषय: चढावर गाडी कशी सोडावी. चढ कल्पनेने घेतला. कन्या म्हणाली, बाबा, हे येतं मला. मी म्हटलं, आत्मविश्वास चांगला, अतिआत्मविश्वास नाही.

२३ मार्च, रविवार
चाकं दोनदा पुसली. उद्यासाठी माझा शर्ट इस्त्रीला. परीक्षकाने विचारलंच की कुणी शिकवलं, तर नम्रपणे पुढे होईन. वाक्य तयार आहे: आम्ही काय, थोडंफार मार्गदर्शन.

२४ मार्च. सकाळी ८.३०
निघालो. मी चालवतोय, कन्या शेजारी, ही मागे. टेस्ट दहाला. परीक्षकासमोर कन्या चालवेल, तोवर कॅप्सना धक्का लागायला नको. (ही नोंद सिग्नलला.)

८.५५
पुढचा डावा बसला. फट् झालं आणि गाडी एका बाजूला कलली. हरकत नाही. स्टेपनी आहे, जॅक आहे, पंचवीस वर्षं आहेत.

स्टेपनीत हवा भरलेली निघाली. मी तर कधी भरली नव्हती. ही म्हणाली, मी भरून घेतली. कधी, ते विचारायला वेळ नव्हता.

९.१५
नट कॅपच्या आत. कॅप निघत नाही. स्क्रू ड्रायव्हर वाकला. पान्ह्याने ठोकली, पान्हा उसळून गुडघ्यावर. पाकिटावर खोटं लिहिलेलं नव्हतं. या देशात एवढी एकच वस्तू लिहिल्याप्रमाणे चालते.

९.३०
कन्येच्या डोळ्यांत पाणी. ती दर मिनिटाला घड्याळ बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

हिने पर्समधून चिठ्ठी काढली आणि ड्रायव्हिंग स्कूलला फोन लावला. टेस्टसाठी त्यांची गाडी मिळते म्हणे, तिने आठवड्यापूर्वीच विचारून ठेवलं होतं. टॅक्सी थांबवली. मला म्हणाली, तुम्ही गाडीजवळ थांबा. दोघी गेल्या. मी कडेच्या कट्ट्यावर.

११.२०
फोन केल्यावर गॅरेजवाला आला, छिन्नी-हातोडा घेऊन. कॅपचे सहा तुकडे झाले. चाकाच्या कडेचाही एक टवका उडाला. पोचेपर्यंत टेस्ट संपलेली असणार. सरळ घरी.

दुपारी १.०५
पास.

तारीख हुकली नाही, नोकरी गेली नाही. मी फोन ठेवला आणि जिन्यात बसून घेतलं. सकाळपासून पहिल्यांदा मला कळलं की मी किती घाबरलो होतो.

संध्याकाळी ७
सविस्तर हकिगत मिळाली. परीक्षकाने विचारलं, कुणी शिकवलं? कन्या म्हणाली, आईने. रोज सकाळी साडेसहा ते साडेसात, मी फिरायला जातो त्या वेळी. माझ्याच गाडीत. हिचं लायसन लग्नाआधीचं. मी इतकी वर्षं ते शोभेचं समजत होतो.

हिला विचारलं, मला का सांगितलं नाही? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता.

वाईट वाटलं. लपवत नाही. पण थिअरी माझी होती, हे कुणी नाकारू शकणार नाही. कन्येला तसं म्हणालो. ती म्हणाली, हो बाबा. फार पटकन म्हणाली.

२६ मार्च
गॅरेजवाल्याकडे जाऊन उरलेल्या तिन्ही कॅप्स फोडून घेतल्या. आता चारही चाकं उघडी. एका दृष्टीने चांगलंच, नटांना हवा लागते. दोन नवे टायर टाकले. टायर बदलायचं मी पहिल्यापासून म्हणत होतो.

३० मार्च, रविवार
कन्या आज सगळ्यांना घेऊन घाटात गेली. ही पुढे बसली. मला मागे बसवलं. सूचना द्यायच्या नाहीत अशी अट घातली होती, ती मी तीन वेळा वगळता पाळली.

मागच्या सीटवरून या गाडीत मी पहिल्यांदाच प्रवास केला. घरातल्या सगळ्यांना घाटात मळमळतं. ही लिंबू जवळ ठेवते, कन्या लहानपणापासून खिडकीला डोकं टेकून जाते, माझ्या आईने तर गाडीत बसायचंच बंद केलं होतं. मी त्यांना सांगत आलोय की दोष सस्पेन्शनचा आहे, या मॉडेलचं सस्पेन्शनच तसं.

वर चौदा वळणं आणि खाली चौदा. गाडी तीच होती, सस्पेन्शनही तेच. कुणालाच काही झालं नाही.