पलीकडचा खांब

दहिवली, कर्जत
४ फेब्रुवारी २०२४

चि. नवीन यास,
बाबाचे अ. आ.

फोनवर मला धड ऐकू येत नाय, म्हणून लिवतो. जुन्या पवनचक्क्या कंपनी पाडतेय न् नव्यांना तुमी जुनी माणसं नकोत, हे तुझ्या पत्रात वाचलं. पण वर चढलो की खाली उतरावंसं वाटत नाय, असं का लिवलंस रं? आई असती तर तिनं तुला झोडलाच असता. मी नुसता रडलो.

तिकडं बावीस वर्षं फुकट गेली, त्यात चूक तुझीच, असं म्हणतोस. नाय. चूक माझी हाय.

खालापूरच्या डोंगरावर कंपनीचा वारा मोजायचा खांब होता, मी त्याचा राखणदार. त्याच्या टोकाला वाऱ्यानं फिरणाऱ्या वाट्या होत्या, त्या कुरकुरायच्या. एकदा साहेबांनी खांब दुरुस्तीला आडवा केला न् जेवायला गेले. मी बैलगाडीच्या आसाला घालतो तसं एरंडेल घातलं त्यात. वाटलं, चांगलं केलं. धूळ चिकटून वाट्या जड झाल्या. मोजणीत वारा कमी भरला न् चक्क्या तिकडं साताऱ्याच्या पठारावर गेल्या. मला कळलं तवा तोंड उघडायची हिंमत झाली नाय. उलट साहेबाचे पाय धरून तुलाच त्यांच्यासंगं धाडला.

चक्क्या इथं लागल्या असत्या तर तू रोज घरी जेवला असतास. मला शिव्या घाल, पण खाली उतर. तुझ्या पाया पडतो.

तुझी वाट बघणारा,
बाबा

पठार, जि. सातारा
११ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बापानं लेकाच्या पाया पडायचं नसतं, एवढंही कळेना का तुम्हाला?

एरंडेलाचं मनातून काढा. मी इथं जुने कागद बघितलेत. पलीकडच्या डोंगरावर कंपनीचा दुसरा खांब होता, आकडे त्याचेच धरले. आपल्याकडं वाराच नव्हता. मला इथं यावंच लागणार होतं.

माझी चक्की सोमवारी पाडतात. चढायचा पट्टा मी जमा केलाय. बुधवारी येतो. मडक्यात पोपटी भाजायला लावू, आपल्या सोनालीला वालाच्या शेंगा आणायला सांगा.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमचा नवीन

पठार, जि. सातारा
११ फेब्रुवारी २०२४

चि. सोनालीस,
दादाचे आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या खालापूरच्या कचेरीवर धाडतोय, घरी नेऊ नकोस. बाबांनी एरंडेलाचं सगळं मला लिहिलं. पलीकडच्या डोंगरावर दुसरा खांब होता, असं मी त्यांना कळवलंय. तुला विचारलं तर हो म्हण.

जुने कागद खरंच बघितले गं. खांब एकच होता. पहिले चार महिने तिकडचा वारा इथल्याइतकाच भरलाय, मग एकदम पडलाय.

बाबांचं पत्र वाचून इतका राग आला की मरायचं राहूनच गेलं. तसाच गेलो आणि पट्टा जमा केला.

बुधवारी खालापूरच्या टोलनाक्यावर उतरेन. तू ये. एकट्यानं त्यांच्यासमोर जाणं मला जमणार नाय.

लोभ आहेच, तो बुधवारी सोबत आण.
तुझा दादा