पोरी दोनच आहेत, वेंडेल!

वेंडेल,

आपल्याला पोरी दोनच आहेत, सहा नाहीत! गोदाम, पेट्रोल पंप आणि रविवारची पिझ्झा-डिलिव्हरी, तिन्ही नोकऱ्यांच्या करकपातीच्या फॉर्मवर तू दोघींना दाखवलंस. पोरींमागे मिळणारी करसूट तीनदा घेतलीस, मग पगारातून पुरेसा कर कापला जाणार कसा? आता एप्रिलमध्ये सगळा एकदम भरायचा. आणि वर मलाच ऐकवतोस, "सरकारने लुटलं!" सरकारने नाही रे, तुझ्या अतिशहाणपणाने!

फ्रीजवर कोरे फॉर्म लावलेत. पोरींना फक्त गोदामाच्या फॉर्मवर दाखव. नोकऱ्या तीन आहेत, हेही लपवू नकोस.

मी ड्यूटीवर चाललेय. मॅकरोनी ओव्हनमध्ये आहे.

धाकटी सकाळी विचारत होती, "बाबा कुठे राहतात?" फॉर्मवर तीन-तीनदा दाखवलेल्या पोरींना एकदा त्या जाग्या असताना घरी येऊन बघ.

लोरेटा