लेखकाचा नारळ

ता. ३, सोमवार. इब्रामपूर

जत्रेचं नाटक लिहून पुरं झालं. जन्म गेला पडद्याआड प्रॉम्प्टिंग करण्यात. यंदा हँडबिलावर 'लेखक' म्हणून माझं नाव येणार. प्रयोगाआधी देवापुढे लेखकाच्या हाती नारळ देतात, तोही यंदा मला मिळणार. मोबाइलातल्या एआयची किरकोळ मदत घेतली. आपल्याला टायपिंग जमत नाही, म्हणून त्याच्याशी सौ. बोलली. बाकी सगळं माझं.

ता. ७, शुक्र.

म्हापशाच्या बाजारात सर्वणच्या नाटक मंडळाचा मॅनेजर भेटला. म्हणे तुमचं नाटक फर्स्टक्लास, आम्हीही तेच करतोय. आमच्याच नाटकात खलनायक करणाऱ्याने त्याला ते मोबाइलवर पाठवलं. वर ऐकवतो, "मशीनीन बरयलां मरे, ताका मालक कोण?" मशीनने लिहिलं म्हणे, त्याला मालक कसला! डोकं फिरलं. मिरच्यांच्या पिशवीसकट वकिलाकडे.

वकील म्हणजे सौ.चा भाचा. त्याचं म्हणणं, कायद्यात संगणकाकडून करवून घेणारा तो लेखक. या नव्या एआयला ते कितपत लागू, यावर वाद आहेत, पण नोटीस देऊन बघू. छान. मग विचारतो, "करवून कोणी घेतलं?"

उद्या सांगतो म्हटलं.

ता. ८

सौ.ला विचारलं. चूक झाली.

"तुमी खंय लिवलास? तुमी म्हणालास, सासू-सुनेचा कायतरी घाल. कायतरी म्हणजे काय, ता मी सांगलंय."

दुसऱ्या अंकातलं भांडण आमच्या आईचं आणि तिचं, जसंच्या तसं. मी त्याला कल्पनाविलास समजून खूश होतो.

"आणि मी शुद्धलेखन सुधारलं ते?"

"ता मास्तर पण करतत."

ता. १०

मंडळाची बैठक. निम्मे माझ्या बाजूने, निम्मे तिच्या बाजूने. खलनायक म्हणे, नारळ मोबाइलापुढे ठेवा. याला लाज नाही. शेवटी देवाला कौल लावायचं ठरलं. मूर्तीवर दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर लेखक मी, डावी पडली तर ती. सर्वणला द्यायची नोटीस तोवर थांबली.

ता. १२

सकाळपासून पाकळ्या लावल्यात. एकही पडत नाही. भटजी म्हणतात, "देव इचार करता." छापखान्यातून सारखे फोन, लेखकाच्या जागी काय घालू म्हणून. मला ते नाव हवं आहे. मनापासून हवं आहे.

प्रयोगाच्या दिवशी नेसायचं धोतर परीटाकडे दिलं. घरी आलो तर सौ.ने पैठणी उन्हात घातलेली.

"कित्याक?"

"कसर लागता."

नारळ एकच असतो.